आजची गोळी घेतली का?

“आजोबा, सकाळची गोळी घेतलीत का?”

“घेतली वाटतं... का ती कालची?”

हा संवाद ज्या घरात कधीच झाला नाही, असे घर शोधूनच काढावे लागेल. आजोबांची आठवण कमी झाली, असे म्हणून घरची माणसे मोकळी होतात. पण यात आजोबांच्या वयाचा दोष वाटतो तेवढा नाही. तुम्ही शाळेला निघता, कोपऱ्यापर्यंत पोहोचता आणि एकदम मनात येते, आपण दाराला कुलूप लावले की नाही? परत येऊन पाहावे तर कुलूप व्यवस्थित लावलेले असते. रोज त्याच वेळी, त्याच जागी केलेल्या कृतीची आठवण मेंदू तारीखवार जपून ठेवत नाही. कालचे कुलूप आणि आजचे कुलूप यांची चित्रे एकमेकांत मिसळून जातात. गोळीचेही तसेच होते.

बारकाईने पाहिले तर येथे दोन वेगळे प्रश्न आहेत. गोळी घ्यायची आहे हे वेळेवर आठवणे, हा पहिला. गोळी घेऊन झाली आहे हे आठवणे, हा दुसरा. पहिल्याला गजराचे घड्याळ पुरते. दुसऱ्याला ते निरुपयोगी आहे. गजर वाजला, आजोबांनी तो बंद केला, तेवढ्यात दारावर कोणी आले, आणि पाच मिनिटांनी पुन्हा तोच प्रश्न उभा! रक्तातील साखर कमी करणारी गोळी अशा वेळी दोनदा घेतली गेली, तर ती चुकण्यापेक्षाही धोकादायक ठरू शकते.

दुसऱ्या प्रश्नाचे एक सुंदर उत्तर अमेरिकेतील इलिनॉय राज्यात राहणाऱ्या डेव्हिड वॅग्नर या अभियंत्याने शोधले. १९६०च्या सुमारास तेथे कुटुंबनियोजनाच्या गोळ्या नुकत्याच मिळू लागल्या होत्या. त्या साध्या बाटलीतून येत आणि ठरावीक दिवस न चुकता घ्याव्या लागत. आजची गोळी घेतली की नाही, यावरून वॅग्नर पती-पत्नींची वरचेवर वादावादी होई. शेवटी वॅग्नर यांनी एका कागदावर वार लिहिले आणि प्रत्येक वारावर एक गोळी ठेवून दिली. गोळी जागेवर नसेल तर घेतली, असेल तर राहिली, प्रश्न मिटला. पण एके दिवशी कागदाला धक्का लागून गोळ्या विखुरल्या. मग त्यांनी प्लास्टिकच्या चकत्या कापून, भोके पाडून एक गोल डबी तयार केली. चकती फिरवली की त्या दिवसाची गोळी बाहेर येई आणि कोणता वार झाला ते दिसे. १९६२ मध्ये त्यांनी पेटंटसाठी अर्ज केला व १९६४ मध्ये ते त्यांना मिळाले. आज औषधांच्या कित्येक पाकिटांवर सोमवार, मंगळवार असे वार छापलेले दिसतात, त्यांचे मूळ या कागदात आहे. यात वीज नाही, चाक फिरवण्यापलीकडे यंत्र नाही. आठवण डोक्यात न ठेवता वस्तूत ठेवायची, एवढीच युक्ती. मला तर या विषयातील सर्वांत चतुर शोध हाच वाटतो.

विसरणे आणि टाळणे

परंतु औषध चुकते ते केवळ विसरल्यामुळेच काय? जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली एक अहवाल प्रसिद्ध केला. दीर्घकाळ औषधे घ्यावी लागणाऱ्या रुग्णांपैकी, विकसित देशांतसुद्धा, सरासरीने निम्मेच रुग्ण ती सांगितल्याप्रमाणे घेतात, असे त्यात म्हटले आहे. उरलेले सगळेच विसराळू असतील, हे संभवत नाही.

या बाबतीत क्षयरोगाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे पाव हिस्सा रुग्ण एकट्या भारतात आहेत, तेव्हा हा प्रश्न आपल्या दारचाच आहे. साध्या क्षयरोगावर सहा महिने औषध घ्यावे लागते. पहिले दोन महिने चार औषधे आणि पुढचे चार महिने त्यांतील तीन. गंमत अशी, की काही आठवड्यांतच ताप उतरतो, खोकला कमी होतो, भूक लागू लागते. रुग्णाला वाटते, आता बरे वाटते आहे, मग गोळ्या कशाला? गोळ्यांनी मळमळते, कामाचा खाडा होतो, शेजाऱ्यांना कळेल अशी धास्ती असते. अशा माणसाला गोळीची आठवण पक्की असते. त्याला ती नको असते.

आणि नेमके येथेच संकट आहे. क्षयाच्या जंतूंत आयसोनियाझिड या औषधाला दाद न देणारा जंतू साधारणपणे दहा लाखांत एक असतो. रिफॅम्पिसिनला दाद न देणारा साधारणपणे दहा कोटींत एक. आता गणित करा. दोन्ही औषधांना एकाच वेळी पुरून उरणारा जंतू सापडायला एकावर चौदा शून्ये इतके जंतू लागतील. रुग्णाच्या फुप्फुसात कोट्यवधी जंतू असले, तरी इतके नसतात. म्हणूनच औषधे एकत्र आणि नियमाने घेतली तर जंतूंना पळवाट उरत नाही. घेणे अधूनमधून झाले, किंवा एक घेतले आणि दुसरे टाकले, तर हे गणित मोडते. तगलेले जंतू वाढतात, आणि मग असा रुग्ण खोकला तर शेजारच्या माणसाला मिळतो तो औषधाला न जुमानणारा क्षय. एका माणसाच्या राहिलेल्या गोळीची किंमत दुसरा मोजतो.

या प्रश्नाशी पहिली मोठी झुंज आपल्याच देशात झाली. १९५६ साली मद्रासमध्ये क्षयरोग उपचारांचे एक संशोधन केंद्र सुरू झाले. त्या काळी क्षयरोग म्हटला की आरोग्यधाम, तेथील खाट, दूध-अंडी आणि मोकळी हवा हे ठरलेले असे. पण देशात रुग्ण लाखो आणि खाटा मोजक्या. म्हणून या केंद्राने शहराच्या गरीब वस्त्यांतील काही रुग्णांना आरोग्यधामात ठेवले, तर काहींना घरीच ठेवून वर्षभर तीच औषधे दिली. १९५९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. घरचे रुग्णही जवळजवळ तितकेच बरे झाले होते. जगभर क्षयाचे उपचार घरी होऊ लागले, त्याला या प्रयोगाचा मोठा आधार आहे.

पण घरी गोळ्या घेतल्या जातात हे कळावे कसे? कार्यकर्ते न कळवता घरी जात आणि उरलेल्या गोळ्या मोजत. शिवाय लघवीचा नमुना घेत. त्या वेळचे पीएएस हे औषध लघवीत उतरते आणि त्यात फेरिक क्लोराइडचे थेंब टाकले की रंग पालटतो. मोजणीत गोळ्या बरोबर कमी झालेल्या, पण लघवीत औषधाचा मागमूस नाही, असे झाले तर काय समजायचे ते उघड आहे. रुग्ण औषध घेतल्याबद्दल खोटे सांगतात, ही तक्रार पार प्राचीन ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांतही आढळते!

आजच्या रिफॅम्पिसिनची गोष्ट याहून मजेदार आहे. ते घेतल्यावर काही तासांत लघवीचा रंग नारिंगी-तांबूस होतो. पहिल्यांदा पाहणारा रुग्ण घाबरतो. पण हा आपोआप मिळणारा पुरावाच आहे, आणि त्याला दमडीही खर्च येत नाही.

डबीत बसलेला पहारेकरी

रोज घरोघर जाऊन मोजणी कोण करणार? म्हणून डबीनेच नोंद ठेवावी, अशी कल्पना पुढे आली. १९६०च्या दशकात अमेरिकेत टॉमस मोल्डिंग या डॉक्टरांनी क्षयरुग्णांसाठी एक विलक्षण डबी सुचवली. तिच्यात फोटोची फिल्म आणि तिच्याशेजारी किंचितसा किरणोत्सारी पदार्थ असे. गोळ्या काढल्या जातील तसतसा तो पदार्थ फिल्मवरून पुढे सरके. फिल्म धुतली की तिच्यावर डाग उमटलेले दिसत. डागांचे अंतर सारखे असेल तर गोळ्या नियमाने निघाल्या. एकाच जागी गडद डाग असेल तर तेथे काही दिवस काहीच हालले नाही.

पुढे चिप स्वस्त झाली आणि ती बाटलीच्या झाकणात जाऊन बसली. झाकण उघडले की आतली कळ दबते आणि चिप तारीख व वेळ टिपून ठेवते. १९८९ साली अमेरिकेत अपस्माराच्या रुग्णांवर अशा झाकणांनी केलेला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसातून एकदा घ्यायचे औषध ८७ टक्के वेळा घेतले गेले, दोनदा असेल तर ८१ टक्के, तीनदा असेल तर ७७ टक्के आणि चार वेळा असेल तर अवघे ३९ टक्के. या आकड्यांकडे नीट पाहा. जेवणाच्या तीन वेळांना गोळी बांधता येते. चौथी वेळ कशालाच बांधलेली नाही. तेव्हा दिवसाला एकच गोळी पुरेल असे औषध तयार करणे, हीसुद्धा आठवण देण्याचीच एक तऱ्हा झाली. भारतात क्षयाची चार औषधे आता एकाच गोळीत एकत्र करून देतात, त्याचा एक फायदा हाच आहे. त्यातील एकच औषध घेऊन बाकीची टाकण्याची वाटही त्यामुळे बंद होते.

झाकणांनी आणखी एक गुपित फोडले. डॉक्टरांकडे जायचे दिवस जवळ आले की रुग्ण नियमित होत, आणि नंतर हळूहळू ढिले पडत. तपासणीच्या आदल्या रात्री वह्या पूर्ण करणाऱ्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

अशा डब्या आता आपल्याकडेही क्षयरुग्णांना, विशेषतः औषधाला न जुमानणाऱ्या क्षयाच्या रुग्णांना, दिल्या गेल्या आहेत. पुठ्ठ्याच्या खोक्यात औषधे आणि एक छोटे यंत्र असते. ठरल्या वेळी ते आवाज करते व हिरवा दिवा लागतो. औषध संपत आले की पिवळा, बॅटरी उतरली की तांबडा. खोके उघडल्याची नोंद आपोआप होते.

गोळीमागे लपलेला नंबर

डबीला पैसे लागतात. त्याहून स्वस्त युक्ती भारतात निघाली. तिची पार्श्वभूमी अशी. १९९७ पासून आपल्या राष्ट्रीय कार्यक्रमात रुग्णाने आरोग्य कार्यकर्त्यासमोर गोळी गिळायची, ही पद्धत देशभर पसरत गेली. ती आठवड्यातून तीनदा असे. पद्धत कडक, पण रोजंदारीवर जाणाऱ्याला त्यासाठी मजुरी बुडवावी लागे. २०१७ पासून रोज गोळी देण्याचे धोरण सुरू झाले. आता रोज प्रत्येक रुग्णासमोर उभे राहायला माणसे आणायची कोठून?

तेव्हा ‘नाइन्टीनाइन डॉट्स’ ही पद्धत पुढे आली. बंगळूरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्च या संस्थेतील बिल थीस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती तयार केली. गोळ्यांचे नेहमीचे पाकीट एका छापील पुठ्ठ्याच्या लिफाफ्यात बसवलेले असते. गोळी दाबून बाहेर काढली की तिच्यामागे लपलेला एक फोन नंबर उघडा पडतो. रुग्णाने त्या नंबरावर फोन करायचा. फोन फुकट, बोलायचेही काही नाही. म्हणजे आपला ठाऊक असलेला मिस कॉलच. कोणत्या गोळीमागे कोणता नंबर छापला आहे हे संगणकाला माहीत असते, रुग्णाला नसते. समजा, असे दहा नंबर आहेत. गोळी न काढता अंदाजाने फोन करणाऱ्याचा नंबर एकदा बरोबर येण्याची शक्यता दहात एक. सलग तीन दिवस बरोबर येण्याची शक्यता हजारात एक. फोन आला नाही तर आधी आठवणीचा एसएमएस जातो, आणि तरीही काही हालचाल झाली नाही तर आरोग्य कार्यकर्त्याला कळते.

युक्ती बिनतोड वाटते ना? पण थांबा. वहीत चार रकाने आखा. गोळी घेतली आणि फोन केला; गोळी घेतली पण फोन केला नाही; गोळी काढली, फोन केला आणि गोळी फेकून दिली; दोन्ही केले नाही. पहिल्या व चौथ्या रकान्यात संगणकाला खरे कळते. मधल्या दोन्हींत तो फसतो. या मधल्या रकान्यांत किती माणसे असतील?

चेन्नई, वेल्लोर आणि मुंबई येथे हे पडताळून पाहिले गेले आणि २०२० साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. संशोधक रुग्णांच्या घरी न कळवता गेले आणि लघवीत आयसोनियाझिडचा अंश आहे का ते तपासले. मद्रासची जुनी रीत पुन्हा कामी आली! ज्यांच्या लघवीत औषध होते, त्यांच्यापैकी सुमारे ७० टक्क्यांनीच फोन केलेला होता. ज्यांच्या लघवीत औषध नव्हते, त्यांच्यापैकी सुमारे ६० टक्क्यांचा फोन आला नव्हता. म्हणजे उरलेल्यांनी गोळी न घेताही फोन केला होता. पहिली चूक पुष्कळदा निरुपद्रवी असते. घरात एकच फोन आणि तो मुलगा कामावर घेऊन गेला, रेंज नाही, बॅटरी संपली. दुसरी चूक मात्र घातक आहे, कारण ज्याला मदतीची खरी गरज, तोच संगणकाच्या यादीत शहाणा ठरतो.

यात एक भेद ध्यानात घेण्यासारखा आहे. डबी उघडणे हा गोळी घेण्याचाच भाग आहे; त्यासाठी रुग्णाला वेगळे काही करावे लागत नाही. फोन करणे हे मात्र एक जास्तीचे काम आहे, आणि जो गोळी विसरतो तो फोन विसरणार नाही कशावरून?

चीनमध्ये २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या प्रयोगात हेच वेगळ्या अंगाने दिसले. चार हजारांहून अधिक क्षयरुग्णांचे चार गट केले होते. एका गटाला नेहमीचे उपचार, दुसऱ्याला रोजच्या आठवणीचे एसएमएस, तिसऱ्याला आवाज करणारी डबी, चौथ्याला दोन्ही. महिन्यातील पाचवा हिस्सा किंवा त्याहून अधिक औषध चुकले, असे महिने पहिल्या गटात सुमारे ३० टक्के निघाले. एसएमएसच्या गटात २७ टक्के; म्हणजे फरक जवळजवळ नाहीच. डबीच्या गटात मात्र १७ टक्के आणि दोन्ही मिळालेल्या गटात १४ टक्के. एसएमएस हा हातातील फोनवर येतो आणि पुसला जातो. डबी गोळ्यांच्या जागीच वाजते. शिवाय डॉक्टर दर महिन्याला डबीतील नोंद रुग्णासमोर उघडून पाहत, आणि ज्याच्या गोळ्या फार चुकल्या त्याच्याकडे अधिक लक्ष देण्याची व्यवस्था होती. नुसत्या डबीचे यश किती आणि त्या समोरासमोरच्या बोलण्याचे किती, हे वेगळे काढणे कठीण आहे.

पोटातील घट

आता एक पाऊल पुढे. गोळीच ‘मी पोहोचले’ असे सांगू लागली तर? लिंबात तांब्याची आणि जस्ताची पट्टी खुपसून तुम्ही विद्युत्‌घट केला असेल. त्याच तत्त्वावर वाळूच्या कणाएवढी एक चकती तयार केली गेली. तिच्यावर तांबे आणि मॅग्नेशियम यांचे अतिपातळ थर असतात. गोळीत बसवलेली ही चकती जठरातल्या रसाने भिजली की तिचा घट होतो आणि काही मिनिटे एक क्षीण संकेत निघतो. पोटावर चिकटवलेली पट्टी तो पकडून फोनकडे पाठवते. काम झाले की चकती शरीराबाहेर टाकली जाते.

अशा पहिल्या औषधाला अमेरिकेच्या सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये परवानगी दिली. औषध होते स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारांवरचे. आपल्यावर कोणीतरी पाळत ठेवते आहे असा भ्रम ज्या आजारात होतो, त्याच्याच गोळीत पहारेकरी बसवला, याबद्दल अनेक डॉक्टरांनी भुवया उंचावल्या. शिवाय अशा गोळीमुळे रुग्ण औषध अधिक नियमाने घेतात हे सिद्ध झालेले नाही, असे त्या औषधाच्या माहितीपत्रकातच छापलेले आहे. चकती बनवणारी प्रोटियस ही कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत निघाली. शोध म्हणून तो अप्रतिम होता, यात शंका नाही. पण त्याने सोडवलेला प्रश्न, गोळी पोटात गेली का, हा डॉक्टरांचा होता. मला ही नको, असे म्हणणाऱ्या रुग्णाचा प्रश्न तेथेच राहिला.

करून पाहा

सात रिकाम्या काडेपेट्या शेजारी शेजारी चिकटवा आणि प्रत्येक खणावर वार लिहा. हे झाले तुमचे वॅग्नर यंत्र. यात खरी औषधे मात्र भरू नका. कित्येक गोळ्या हवेतील ओलाव्याने खराब होतात, म्हणून त्या पाकिटातच ठेवाव्या लागतात. गोळीऐवजी शेंगदाणे घ्या. रात्री नऊ वाजता एक दाणा खायचा, असा नियम करा. पहिला आठवडा दाणे साध्या बाटलीत ठेवा आणि कशाचीही मदत घेऊ नका. दुसऱ्या आठवड्यात गजर लावा. तिसऱ्या आठवड्यात गजर बंद करून काडेपेट्या वापरा. दाण्यांची मोजदाद घरातील दुसऱ्या कोणाकडे सोपवा, आणि ती कोणत्या दिवशी करायची हे त्यांनी तुम्हांला आधी सांगू नये.